पहिल्या स्पर्धेसाठी एकच ओपनिंग, पण पक्की

बुद्धिबळाची स्पर्धा तोंडावर आली म्हणून चार ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करत बसू नकोस. काळ्या मोहऱ्या आल्या तर इटालियन नावाची ओपनिंग समोर येणार हे धरूनच चल.

दोघांची राजासमोरची प्यादी दोन घरं पुढे, एकेक घोडा बाहेर, समोरच्याचा उंट सी४ वर (उभी रांग सी, आडवी चौथी). तू दुसरा घोडा एफ६ वर आणलास की त्याचा घोडा जी५ वर उडी मारतो. आता उंट आणि घोडा दोघांचाही डोळा एफ७ च्या प्याद्यावर, आणि त्याला राखायला फक्त तुझा राजा. तू प्यादं डी५ वर खेळ. तो प्याद्याने ते मारेल.

इथे हात आवर! घोड्याने परत मारायचा मोह होतोच. मारलंस तर तो एफ७ वर घोड्याचा बळी देतो, तुझा राजा तो घेतो, वजीर एफ३ वर येऊन शह देतो आणि डी५ चा घोडा वाचवायला राजाला ई६ वर, पटाच्या मधोमध यावं लागतं. शाळेत असताना माझा एक डाव असाच गेला, अजून सलतो.

त्यापेक्षा पहिला घोडा ए५ वर नेऊन उंटावर हल्ला कर. उंटाचा शह आला तर प्यादं सी६ वर आणून अडव. एक प्यादं जाईल, जाऊ दे. तुझी मोहरी भराभर बाहेर येतील.

आणि हो, हात लावलेलं मोहरं खेळावंच लागतं. आधी चाल, मग घड्याळ, मग नोंद. डाव संपल्यावर तो चालींच्या नोंदीचा कागद जपून घरी आण, आपण दोघं पटावर मांडून बघू.