साखर कमी, तरी इन्शुलिन का सुटतं?

प्रश्न : ग्लिमेपिराइड आणि सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या दोन्ही गोळ्यांनी इन्शुलिन वाढतं. मग जेवण लांबलं की साखर उतरण्याची भीती पहिल्याच गोळीची जास्त का?

उत्तर : स्वादुपिंडातली इन्शुलिन बनवणारी बीटा पेशी साखर जाळून तिचा अंदाज घेते. आत शिरलेल्या ग्लुकोजवर पहिली प्रक्रिया करतं ग्लुकोकायनेज हे विकर. ग्लुकोज १४० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या आसपास असताना ते जेमतेम निम्म्या वेगाने चालतं, त्यामुळे साखर थोडी चढली-उतरली तरी त्याचा वेग बदलतो. त्याच प्रमाणात एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनतं. एरवी पेशीच्या आवरणातल्या काही वाहिन्यांतून पोटॅशियम बाहेर झिरपत असतं आणि आतला विद्युतदाब उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास राहतो. एटीपी वाढलं की या वाहिन्या मिटतात, दाब बदलतो, कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत आलं की इन्शुलिनच्या कणिका आवरणाला जुळून रिकाम्या होतात. आवरणालगतच्या कणिका पहिल्या पाच-दहा मिनिटांतच संपतात, मागच्या सावकाश येत राहतात. टाइप २ मधुमेहात ही पहिली लाट आजाराच्या सुरुवातीलाच क्षीण होते.

ग्लिमेपिराइड त्याच पोटॅशियम वाहिनीला चिकटून ती मिटवते. एटीपी वाढलंय की नाही, हा प्रश्नच उरत नाही. साखर ७० असली तरी इन्शुलिन सुटतं. म्हणून ही गोळी दिवसाच्या पहिल्या मोठ्या जेवणासोबत घ्यायची. मूत्रपिंड कमजोर असेल तर तिचा परिणाम लांबतो, मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. (‘इन्शुलिन तयार करणारी गोळी’ हे वर्णन फसवं आहे. ती असलेला साठा बाहेर काढते. बीटा पेशीच उरल्या नसतील तर तिचा उपयोग नाही.)

सिटाग्लिप्टिनचा मार्ग आडवळणाचा. जेवल्यावर आतड्यातून येणारं जीएलपी-१ हे संप्रेरक दोन-तीन मिनिटांतच मोडतं. ही गोळी त्याला मोडणारं विकर अडवते. जीएलपी-१ कॅल्शियमचा परिणाम वाढवतं खरं, पण ते कॅल्शियम आधी ग्लुकोजनेच आत आणलेलं असावं लागतं. साखर कमी असेल तर वाढवायला काही नसतंच.

दोन्ही गोळ्या एकत्र चालू असतील तर मात्र हा दिलासा धरू नये. साखर ७० खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यावं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. ग्लिमेपिराइड शरीरात असेपर्यंत साखर काही तासांनी परत घसरू शकते, त्यामुळे ग्लुकोजनंतर नीट जेवणही हवं. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.