"आजी आजारी आहे, एकदा येऊन जा"

प्रिय मुली,

पत्राखाली तू आधी घरच्यांनी ठेवलेलं मुलाचं नाव लिहिलंस, मग ते खोडून स्वतःचं लिहिलंस. दोन्ही इथे छापत नाही. वाचकांसाठी थोडक्यात: ही तेवीस वर्षांची ट्रान्स मुलगी, म्हणजे जन्मापासून घरच्यांनी मुलगा मानलेली. थोरल्या भावानं मारलं, केस कापले, खोलीत कोंडलं. चार महिन्यांपूर्वी ती मैत्रिणीकडे पळून आली. आता आई रोज फोन करते, "आजी आजारी आहे, एकदा येऊन जा, कुणी काही बोलणार नाही." भाऊ म्हणतो, डॉक्टरकडे नेऊन बरं करू. मुलगी विचारते, जाऊ का? की देशच सोडू?

जाऊ नकोस.

आई खोटं बोलते असं मी म्हणत नाही. तिचा जीव तुटत असेल. पण दाराला बाहेरून कडी लागली त्या रात्री ती स्वयंपाकघरात रडत होती, हे तूच लिहिलं आहेस. तिला ती कडी काढता आली नाही. मग "कुणी काही बोलणार नाही" हा शब्द ती कुणाच्या भरवशावर देते? आजी खरंच आजारी असेल, तर व्हिडिओ कॉलवर दिसेल. आईला भेटायचंच असेल, तर तू ठरवलेल्या जागी, दिवसाढवळ्या, मैत्रिणीला सोबत घेऊन भेट.

भावाच्या 'बरं करू'बद्दल एवढंच: जागतिक आरोग्य संघटनेनं ट्रान्स असणं मानसिक विकारांच्या यादीतून काढलं आहे. ते वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. आजारच नाही, तर बरं काय करणार?

देश सोडण्याचं मात्र घाईनं ठरवू नकोस. छळामुळे देश सोडणाऱ्यांना दुसऱ्या देशात आश्रय मिळतो तो १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित कराराच्या आधारे. त्यात छळाची पाच कारणं आहेत. त्यात ट्रान्स हा शब्द नाही, पण 'विशिष्ट सामाजिक गट' आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत ट्रान्स व्यक्तींना त्यात धरलं आहे. छळ घरच्यांनी केला तरी चालतो. सरकार वाचवू शकत नाही किंवा वाचवत नाही, हे दाखवावं लागतं. निर्वासित ठरण्यासाठी मुळात देशाबाहेर असावं लागतं. आणि एक प्रश्न हमखास येतो: आपल्याच देशातल्या दुसऱ्या शहरात का राहिला नाहीत? म्हणून आधी तोच प्रश्न स्वतःला विचार. तसं शहर असेल, तर तिथे काम मिळवणं हे परदेशात वर्षानुवर्षं निकालाची वाट पाहण्यापेक्षा सोपं पडेल. नसेल, तर का नाही, ते लिहून ठेव. भावाच्या धमक्यांचे मेसेज पुसू नकोस, वाचणं सहन होत नसलं तरी. मार लागल्यावर दवाखान्यात गेली असशील, तर ते कागद मागवून घे. पैसे घेऊन सीमेपलीकडे पोचवतो म्हणणाऱ्या माणसाबद्दल तू लिहिलंस. त्याला पासपोर्ट दाखवूसुद्धा नकोस.

घरच्यांनी हरवल्याची तक्रार केली असेल, तर वकिलामार्फतच कळव की मी सज्ञान आहे, मर्जीनं बाहेर पडले आहे. पत्ता देऊ नकोस.

आणि आईचा फोन घेत जा. परवा ती चुकून तुला "अगं" म्हणाली आणि गप्प झाली, असं लिहिलंस. तूही गप्प राहिलीस. पुढच्या वेळी "काय गं आई?" म्हणून बघ.

तुझी,
ताई