स्ट्रीट हॉक ही मालिका एवढी गाजली होती, मग 13 भागांतच का बंद पडली? खरंच चांगली होती का?

गाजली ती आपल्याकडे, दूरदर्शनवर. अमेरिकेत एबीसी वाहिनीने जानेवारी 1985मध्ये सुरू केली आणि मे महिन्यात गाशा गुंडाळला. तिथले लोक 1982पासून नाइट रायडर मालिकेतली बोलती गाडी बघत होते. त्या गाडीनंतर स्ट्रीट हॉकची काळी मोटरसायकल म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असं म्हणणारे आजही भेटतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. साचा ठरलेला: नायक जेसी मॅक दिवसा पोलिसांच्या जनसंपर्क खात्यात वैतागलेला, रात्री हेल्मेट चढवून बाहेर, कंट्रोल रूममध्ये बाइक बनवणाऱ्या नॉर्मनचा जीव टांगणीला, मग हायपरथ्रस्ट, म्हणजे बाइकचा सुसाट वेग, ताशी 300 मैल, खलनायक गार! लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर त्या वेगात वळणं कशी घेतो, हे विचारायचं नाही.

पण टँजरिन ड्रीम या जर्मन बँडचं सिंथेसायझरवालं शीर्षक संगीत अजूनही भारी वाटतं. आणि माझ्या मते बाइकपेक्षा बघण्यासारखा नॉर्मनच; सगळं नियमात बसवू पाहणारा, सतत धास्तावलेला. सगळे भाग एका दमात बघू नका, कंटाळाल. दुसऱ्या भागात मात्र कोवळा जॉर्ज क्लूनी आहे, तेवढा बघाच.