सोलर प्रकल्पातल्या नोकरीसाठी जैसलमेरला गेलेल्या विद्यार्थिनीस

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, “सर, इथं लिहिण्यासारखं काही नाही. वाळू, वारा आणि सोलर पॅनेलच्या रांगा. आणि मला कुठं लिहिता येतं?” तरीही मी पुन्हा तेच सांगणार आहे. लिहायला लाग. मन नसलं तरी लाग. रोज पानभर नको, चार ओळी पुरेत, पण तारीख घालून.

घाई एवढ्यासाठी करतोय की सध्या तुला तिथलं सगळं खटकतंय. पाणी मचूळ लागतं, दिवसभर तापलेली वाळू रात्री गार पडते, दार लावलं तरी ताटात धूळ येते. सवय झाली की हे तुला जाणवायचंच थांबेल. तिथं जन्मलेल्याला यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. तू मात्र टँकरची वाट बघितलेल्या घरातली आहेस. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथं साधारण दोनशे. थोड्या पाण्यात माणसं कशी निभावतात, हे ओळखायची नजर तुला घरूनच मिळालीय.

सुट्टीच्या दिवशी एखादं खडीन बघून ये. खडकाळ उतारावरून वाहत येणारं पावसाचं पाणी खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालून अडवतात, मुरू देतात आणि ओसरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात. जैसलमेरच्या मुलखात पालीवाल ब्राह्मणांनी ही रीत काही शतकांपूर्वी रुजवली. मंगळवेढ्याची ज्वारी तुला लगेच आठवेल. तिथंही पेरणीनंतर पावसाचा फारसा भरवसा नसतो. रानात साठलेल्या ओलीवरच मालदांडी ज्वारी कणसाला येते. पण आपल्याकडे खोल काळी माती ती ओल धरून ठेवते, त्यांना मात्र आजूबाजूच्या माळावरून पाणी गोळा करून आणावं लागतं. बांध किती उंच, पाणी किती दिवस उभं राहतं, सांडव्यावरून कधी सोडतात, आणि कुणाच्या वाट्याला किती रान, हे शेतकऱ्याला विचारून लिही. मंगळवेढ्याचा माणूससुद्धा ते मन लावून वाचेल.

तिथली खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी होते. ती कोण कशी करतं, तेही विचार.

आता जरा अवघड गोष्ट. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ सालचं, पण आज तिथं माळढोक दिसणं फार दुर्मिळ झालंय. देशात उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक तुझ्या आसपासच्या माळावर आहेत. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. शरीर जड, समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारांवर आदळून पक्षी मरतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये त्या भागातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला; २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. तू ज्या सूर्यावरच्या विजेसाठी राबतेस ती देशाला हवी आहे आणि हा पक्षीही हवा आहे. ही ओढाताण तुझ्या रोजच्या कामात आहे, म्हणूनच तू ती लिहायला हवीस. कंपनीची गुपितं लिहू नकोस, नोकरी धोक्यात घालू नकोस. पण तारा दिसाव्यात म्हणून त्यांवर लावलेल्या चकत्या वाऱ्यात टिकतात का, गावकरी काय म्हणतात, तुला स्वतःला काय वाटतं, हे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. मला तर या एका विषयावरचं तुझं पान सगळ्यात आधी वाचायचंय.

सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ च्या सुमारास उभं राहिलं, ते अशाच रोजच्या नोंदींवर. पाऊस किती झाला, ओल किती खोल गेली. नोंद करणाऱ्याला ती पुढे कुणाच्या उपयोगी पडेल हे माहीत नसतं, आणि तुलाही आज ते माहीत असायची गरज नाही.

एकटेपणावर लिहू नकोस असं मी म्हणत नाही. फक्त सुरुवात तिथून करू नकोस, कारण मग वही उघडायचीच भीती बसते. आधी बाहेरचं लिही: वारा कुठून सुटला, चहा कुणी पाजला, उंटवाल्यानं पावसाबद्दल काय अंदाज बांधला. संक्रांतीला इथं सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघतील, गड्ड्याची जत्रा भरेल, आणि तुला रजा मिळणार नाही. त्या दिवशी मात्र मनातलं सगळं लिहून काढ, हात राखू नकोस.

मराठीतच लिही, पण तिथल्या वस्तूंना तिथलीच नावं ठेव. शुद्धलेखनाची काळजी नंतर करू. पहिली पानं कुणाला दाखवायची नसतील तर दाखवू नकोस. खडिनाचं तेवढं आईला फोनवर वाचून दाखव. रानातलं काय चुकलंय ते ती माझ्याआधी सांगेल.

तुझे,
सर