शिवी न उच्चारता शिवी ऐकू येईल अशी कविता कशी लिहायची?

तुम्ही सरळ विचारलंत म्हणून बरं, मला तर ह्याच कारणावरून मुस्काटात बसली होती, म्हणून लिहायलोय.

२००३ चं गॅदरिंग, जालना जिल्ह्यातली शाळा, मी नववीत. पहिल्या रांगेत सरपंच, हेडसर आणि आमचे थोरले काका, ते शाळा समितीवर होते. मी आपली स्वतःची वात्रटिका म्हणायला उभा राहिलो:

भाषण चाललं दोन तास, मंडपात घुमला नाद
पुढच्या रांगेत नाकं दाबली, कुणी सोडला... वाद?

"सोडला" म्हणून मी थांबलो. बास, एवढंच केलं. मागच्या पोरांनी, अन् कडेला बसलेल्या बायांनीसुद्धा, तो शब्द मोठ्यानं म्हणून टाकला, मग मी एकदम गरीब तोंड करून "वाद" म्हणलो आणि मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. हेडसर स्टेजमागं घेऊन गेले, शेवटचा शब्द काय होता रे? वाद, सर. खरा कोणता होता? म्हणलं सर तुम्हाला जो ऐकू आला तो मी म्हणलोच नाही. मग बसली. काकांनी घरी जाऊन वडिलांना सांगितलं पोरगं वाया गेलं, अन् आजपण लग्नाकार्यात चारचौघांत "हे आमचे अश्लील कवी" अशी ओळख करून देतात.

आता हेच काका हिवाळ्यात आजीभोवती शेंगा फोडत बसायचे तेव्हा आजी कोडं घालायची, "नको नको म्हणत हात धरू देती, आत जाताना कळ येती, बसल्यावर मिरवत जाती, सांगा काय?" सगळ्यात आधी काकांचे कान लाल. उत्तर बांगडी! आजी म्हणायची, मेल्या, कासार काय वाईट काम करतो का, तुझंच डोकं घाण. ते चाललं, माझं नाही चाललं.

असो, तुमचं यमक. पहिल्या ओळीचं टोक असं ठेवायचं की नको तो शब्द आपोआप पुढं येईल, दुसऱ्या ओळीचा अर्थपण त्याच्याकडंच ढकलत न्यायचा आणि ऐन टायमाला थांबायचं. पण जो शब्द शेवटी टाकता तोपण यमकात अन् अर्थात बसला पाहिजे, "वाद सोडला" हे मराठीच आहे ना? नुसता भलताच शब्द चिकटवणारे लोक आळशी असतात, त्यांची कविता मला कविता वाटत नाही. दुसरी रीत म्हणजे दोन शब्दांच्या जोडावर लपवायचं, एकाचं शेपूट दुसऱ्याचं तोंड. हे काय आजचं नाही, मम्मट नावाच्या जुन्या संस्कृत पंडितानं काव्यप्रकाश ह्या कवितेवरच्या ग्रंथात संधीमुळं मधेच अश्लील शब्द तयार होतो त्याला चक्क दोषात धरलंय, अन् अश्लीलाचे तीन प्रकार केलेत, लाज, किळस आणि अमंगळ. म्हणजे पंडितांनापण ऐकू येत होतंच की!

आणि आपलं पैठण घ्या. तिथला सातवाहन राजा हाल, त्याच्या गाथासप्तशतीत प्राकृतातल्या ७०० गाथा, त्यात एक बाई भटजीला म्हणती, निर्धास्त फिरा बाबा, तुम्ही ज्याला भ्यायचात त्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहानं मारलं. म्हणजे काय, तर इकडं फिरकू नका, माझी भेटायची जागा आहे ही. एक शब्द वावगा नाही. त्याच्यावर आनंदवर्धन ह्या संस्कृत पंडितानं ध्वन्यालोकात, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थावरच्या ग्रंथात, चर्चा केली, माझ्यावर शाळा समितीनं. आणि "च्यायला" काय आहे हो? अर्धी शिवी गिळलेली, पुढचं ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. काका दिवसातून वीसदा म्हणतात, देवळात चप्पल सापडली नाही तरी.

हां, एक राहिलं. गावातल्या खऱ्या बाईवर किंवा कुणाच्या जातीवर असलं काही जुळवू नका, तिथं "मी म्हणलोच नाही" हे चालत नाही, ती सरळ शिवीच होती. माझ्या हातून एकदा झालंय, ते इथं सांगत नाही.

काकांचा नातू यंदा गॅदरिंगला कविता म्हणणार आहे, माझ्याकडूनच लिहून मागितलीय. काका पहिल्या रांगेत असणार. पहिली ओळ "साद" वर संपवलीय, दुसरी अजून जुळायचीय.