लसीबद्दलच्या शंका : तुमचे प्रश्न

मी आरोग्यसेविका आहे. सगळं समजावूनही काही आईवडील "बघू" म्हणतात. पुढे काय करू?

"बघू" म्हणजे नकार नव्हे. समजावणं जरा थांबवा आणि त्यांच्या मनात काय आहे ते विचारा. पुष्कळदा शंका नसतेच. केंद्राची वेळ आणि कामाची वेळ एकच असते. किंवा घरात शब्द चालतो आजीचा आणि आपण बोलत बसतो आईशी. मागच्या डोसनंतर बाळ रात्रभर तापलं आणि तसं होऊ शकतं हे कुणी सांगितलंच नव्हतं, असंही असतं. ताप, सूज याची कल्पना आधीच द्या. लपवलंत तर पुढच्या खेपेला दार उघडणार नाही.

लसीमुळे ऑटिझम होतो, असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय.

1998 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 12 मुलांवरचा एक लेख आला, तिथून हे सुरू झालं. 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला. 2019 मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध आढळला नाही. एवढं सांगा. मेसेज टाकणाऱ्याला मात्र चारचौघांत खोटं पाडू नका, वेगळं गाठून बोला.

शाळेत एचपीव्ही लस देणार आहोत. पुढे मूल होणार नाही, अशी मुलींना भीती आहे.

तसा पुरावा नाही. ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. भाषणाऐवजी निनावी चिठ्ठ्या मागवा. वर्गात हात वर करून हे कुणी विचारत नाही. या चर्चेला मुलग्यांनाही बसवा. दुसरं, या वयात सुईच्या धास्तीनेच काहींना भोवळ येते. एक मुलगी कोसळली की "लस बाधली" ही बातमी मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर होते. म्हणून बसवून टोचा, नंतर 15 मिनिटं बसवून ठेवा आणि रांगेतल्यांना सुई दिसू देऊ नका.

धर्मगुरूंना उद्घाटनाला बोलवावं का?

नुसतं उद्घाटनाला बोलावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. नायजेरियातल्या कानो राज्यात 2003 मध्ये, लसीने वंध्यत्व येतं या संशयावरून, पोलिओ लसीकरण थांबलं. विषाणू पोलिओमुक्त झालेल्या शेजारी देशांतही पुन्हा शिरला. धार्मिक आणि राजकीय नेत्यांशी बोलणी झाली, लस तपासली गेली, इंडोनेशियातून लस आणायचं ठरलं, तेव्हा 2004 मध्ये मोहीम पुन्हा सुरू झाली. त्यामुळे तारखा ठरवण्याआधीच त्यांना भेटा, कुपी हातात द्या, हवे ते प्रश्न विचारू द्या. हार-नारळाचं नंतर बघता येईल.