तूप वाढवलं, तरी पोरगा धापा का टाकतो?

"मॅडम, रोज दुधातून तूप पाजतो, तरी पोट्टं पळताना दमते." दारव्ह्याकडच्या एका आईची ही तक्रार. मुलगा 20 वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. 1600 मीटर धावताना तिसऱ्या फेरीतच पोटात कळ आणि आंबट ढेकर. पहाटे 5 ला गरम दुधात चार मोठे चमचे तूप आणि साडेपाचला मैदान, हा त्याचा नेम.

एवढ्या तुपात 50 ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. तो जठरातून हळू पुढे सरकतो, पोट काही तास जड राहतं. जोरात धावताना स्नायू मुख्यतः साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे भाकरी-भातातून येऊन शरीरात साठलेली साखर, वापरतात. तीच ऊर्जा चरबीतून काढायला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि तिथेच दम तुटतो. त्यात वजन वाढेल म्हणून या मुलाने भाकरी-भात अर्ध्यावर आणला होता. माझ्या मते खरा घात तोच.

बदल साधा सुचवला. रात्री पोटभर ज्वारीची भाकरी, वरण-भात. पहाटे धावण्याआधी अर्धा तास एक केळं किंवा चार खजूर, पाणी. परतल्यावर तासाभरात शेंगदाणे घातलेले पोहे, दूध, दोन उकडलेली अंडी. तूप बंद नाही; दुपारच्या वरणावर एक चमचा. मात्र पहिली फेरी जीव तोडून पळणारा शेवटी दमणारच, तो दोष जेवणाचा नाही.

घरातल्या आजोबांचं गणित वेगळं. वय 68, वजन 55 किलो, भूक बेताची. तर्रीवर तरंगणारं तेल आणि तूप-पोळी यांनीच त्यांचं पोट भरतं, डाळ ताटात राहते. या वयात स्नायू झिजतात. त्यांना दिवसाला साधारण 55 ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणून दोन्ही वेळा घट्ट वरण, दही, अंडं किंवा भिजवलेले चणे शिजवून. आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस, सकाळ-संध्याकाळ. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

वडील 46 चे. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन तुरीत फिरताना आताशा लवकर थकतात, पोट सुटलेलं. चौघांत महिन्याला 5 किलो तेल संपतं, म्हणजे माणशी रोज सुमारे 42 ग्रॅम, तूप वेगळं. डबा 3 किलोवर आणायला सांगितलं, शिवाय साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची तपासणी. श्रम करताना छातीवर दाब आला, तर आहार बदलून वाट पाहायची नाही. लगेच दवाखाना गाठायचा.